ऑर्लँडोच्या भूतबंगल्यांत एकच रात्र: परवान्याची घरे आधी, की स्वतंत्र कल्पनेची?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे, युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा या उद्यानात, दरवर्षी शरद ऋतूत ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ हा उत्सव भरतो. २०२५ साली तो २९ ऑगस्टपासून २ नोव्हेंबरपर्यंत ४८ रात्री चालला आणि त्यात चालत फिरण्याचे दहा भूतबंगले होते. त्यांपैकी पाचांची कथा चित्रपट, मालिका किंवा कुस्तीच्या कार्यक्रमाकडून परवाना घेऊन आणलेली होती, तर उरलेल्या पाचांची कल्पना उद्यानाच्या स्वतःच्या कलाविभागाची होती. पहिल्या प्रकाराला येथे परवान्याची घरे आणि दुसऱ्याला स्वतंत्र घरे म्हटले आहे.

निवड करावी लागते ती वेळेमुळे. उत्सव साधारणपणे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो आणि पहाटे दोनला संपतो, म्हणजे हाती साडेसात तास असतात. एका घरातून चालत बाहेर पडायला जेमतेम चार-पाच मिनिटे लागतात, बाकीचा सगळा वेळ रांगेत जातो. प्रत्येक रांग सरासरी तासाची धरली तरी दहा घरांना दहा तास लागतील, आणि ऑक्टोबरातील शनिवारी गाजलेल्या नावाच्या घरापुढची रांग दीड-दोन तासांवर जाणे नवलाचे नाही. रांग वाचवणारा एक्सप्रेस पास वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची किंमत बहुधा मूळ तिकिटापेक्षाही जास्त असते. त्यामुळे तो न घेणाऱ्याला दहापैकी पाच-सहा घरांवर समाधान मानावे लागते. ही पाच-सहा कोणती असावीत, हे ठरवणाऱ्यासाठी हा आढावा आहे.

आरंभी परवान्याचा प्रश्नच नव्हता. १९९१ साली या उत्सवाच्या अवघ्या तीन रात्री झाल्या आणि त्यांत एकच भूतबंगला होता. पुढे वर्षानुवर्षे उत्सवाची ओळख उद्यानाने स्वतः घडवलेल्या पात्रांवर उभी राहिली. २००० साली आलेला विदूषक जॅक हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय, आणि आजही तो परत आला की जुने प्रेक्षक त्याचे नाव घेऊन ओरडतात. परवान्याची नावे मात्र हळूहळू ठळक होत गेली. २००७ साली न्यू लाइन या चित्रपटसंस्थेच्या तीन प्रसिद्ध खुनी पात्रांना एकाच वर्षी तीन घरे मिळाली. २०१२ पासून ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका सलग पाच वर्षे ठाण मांडून बसली, आणि २०१८ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आल्यावर भयपटांशी एरवी देणेघेणे नसलेला तरुण वर्गही मोठ्या संख्येने येऊ लागला. अलीकडचे प्रमाण मात्र स्थिर आहे. दहा घरांपैकी स्वतंत्र घरे २०१९ साली चार, २०२१ आणि २०२२ साली सहा-सहा, २०२३ साली पाच, २०२४ साली सहा आणि २०२५ साली पाच होती. ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइन यांसारख्या युनिव्हर्सलच्या स्वतःच्या जुन्या चित्रपटांतील राक्षसांची घरे या हिशेबात मी परवान्याच्या बाजूला धरली आहेत. त्यांच्यासाठी बाहेरची परवानगी लागत नाही हे खरे, परंतु प्रेक्षक त्यांच्याकडे ओळखीच्या नावानेच जातो.

परवान्याच्या घराचे बळ ओळखीत आहे. ज्याने मूळ चित्रपट पाहिला आहे, त्याला दारातून आत शिरताच तीच भिंत, तोच दिवा, तोच जिना प्रत्यक्ष उभा दिसतो, आणि संगीत नाटकात ओळखीच्या पदाचे पहिले सूर ऐकताच प्रेक्षागृहात जी खुशीची लहर उठते, तशीच लहर रांगेत उठते. हा आनंद खरा आहे आणि तो स्वतंत्र घर देऊ शकत नाही. मात्र या ओळखीची किंमतही मोजावी लागते. मूळ हक्कधारकाची संमती पावलोपावली लागत असल्याने गाजलेले प्रसंग गाळता येत नाहीत, पात्रांचे स्वभाव बदलता येत नाहीत, आणि घराची रचना बहुधा चित्रपटातील ठळक प्रसंगांची ओळीने लावलेली मालिका होऊन बसते. मूळ कथा ठाऊक नसलेल्या पाहुण्याला अशा घरात एका खोलीचा दुसरीशी संबंधच लागत नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो निवडीच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुखवट्यातल्या खुनी पात्राचे घर आणि चेहऱ्याने ओळखल्या जाणाऱ्या नायकाचे घर, ही दोन्ही परवान्याची असली तरी परिणामात फार वेगळी असतात. ‘हॅलोविन’ चित्रपटातला मायकेल मायर्स किंवा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधला जेसन मुखवटा घालतो. त्यामुळे एकाच घरात अनेक कलाकार तीच भूमिका करू शकतात, आणि जो आत्ता डावीकडे मागे पडला तोच पुढच्या वळणावर उजवीकडून अंगावर येतो. चित्रपटातही तो असाच अशक्य ठिकाणी प्रकट होत असल्याने घराची युक्ती आणि कथेचा स्वभाव एकमेकांत चपखल बसतात. याउलट, जिथे प्रेक्षकाला ठराविक अभिनेत्यांचे चेहरे पाठ आहेत, तिथे मिळत्याजुळत्या चेहऱ्याचे कलाकार, पुतळे आणि ध्वनिमुद्रित संवाद यांवर भागवावे लागते. शिवाय नायक कुणाला घाबरवत नाही, त्यामुळे तो उभा असलेली खोली अनेकदा भयाच्या दृष्टीने रिकामी जाते. २०२३ सालचे ‘द लास्ट ऑफ अस’चे घर मालिकेवर नव्हे तर मूळ व्हिडिओ गेमवर बेतलेले होते. त्यातले आंधळे, केवळ आवाजाचा माग काढणारे बुरशीग्रस्त प्राणी माझ्या मते भूतबंगल्यासाठी अतिशय योग्य होते, कारण त्यांना चेहराच नव्हता. म्हणून परवान्याचे घर निवडताना चित्रपट किती गाजला याऐवजी त्यातले भय कुणाच्या रूपाने येते, हे आधी पाहावे.

स्वतंत्र घर नेमके उलट्या दिशेने बांधले जाते. तेथे आधी जागा ठरते, मग भीती कोणत्या बाजूने यावी हे ठरते, आणि कथा त्या दोहोंना धरून रचली जाते. भूतबंगल्यातील धक्क्याची मूळ युक्ती साधी आहे: एका बाजूला पाहण्याजोगे काही ठेवायचे, नजर तिकडे वळली की दुसऱ्या बाजूच्या फटीतून कलाकाराने बाहेर यायचे, आणि त्याच क्षणी प्रकाश व आवाज फुटायचा. कलाकार पाहुण्याला हात लावत नाहीत, त्यामुळे सगळा खेळ या वेळेच्या अचूकतेवर असतो. प्रसंगांचे बंधन नसलेल्या रचनाकाराला ही फट हवी तेथे पाडता येते.

२०२१ सालचे ‘पपेट थिएटर: कॅप्टिव्ह ऑडियन्स’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. भूकंपात कोसळलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यगृहात नटमंडळी अडकून पडतात आणि आपल्या प्रेक्षकांनाच जिवंत बाहुल्या बनवतात, एवढीच त्याची कथा. ती दोन खोल्यांत कळते, त्यासाठी आधी काहीही पाहिलेले असावे लागत नाही, आणि नाट्यगृह म्हटले की पडदे, विंगा, दोऱ्या या लपण्याच्या जागा आपोआप येतात. २०१८ सालच्या ‘स्लॉटर सिनेमा’ची कल्पना मला त्याहूनही आवडते. उघड्यावरच्या जुन्या चित्रपटगृहाच्या दर्शनी भागातून आत गेल्यावर प्रत्येक दालनात कधीही न निघालेला एकेक स्वस्तातला भयपट उभा केला होता, आणि प्रत्येकाचे पोस्टरही बनवले होते. परवान्याच्या घरांची सगळी रीत घेऊन, परवाना मात्र कुणाचाच न घेता केलेले हे घर इतके लोकप्रिय झाले की २०२४ साली त्याचा दुसरा भाग आला.

स्वतंत्र घरांना पूर्वेतिहास नसतो, ही समजूतही पुरती खरी नाही. ओहायो राज्यातील केरी या गावाचे नाव घेऊन या उत्सवाने वर्षानुवर्षे आपल्या कथा एकमेकींत गुंफल्या आहेत, आणि २०२१ साली त्यांवर एक अख्खे घरच झाले. २०२३ साली ‘ड्युएलिंग ड्रॅगन्स’ या १९९९ ते २०१७ दरम्यान शेजारच्या उद्यानात असलेल्या रोलर कोस्टरच्या आठवणीवर घर उभारले गेले, ज्यात पाहुण्याला आगीची किंवा बर्फाची वाट निवडावी लागे. नव्या पाहुण्याला हे संदर्भ कळले नाहीत तरी अडत नाही, जुन्याला मात्र त्यांतून आपलेपणा मिळतो.

स्वतंत्र घरांची उणीवही सांगितली पाहिजे. नाव माहीत नसल्याने आत काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येत नाही, आणि सर्व स्वतंत्र घरे सारख्या तोलामोलाची नसतात. काही घरांत देखावा अप्रतिम असतो आणि धक्के विरळ असतात. परवान्याचे घर निदान काय देणार हे आधी सांगते, आणि किशोरवयीन मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांना ही माहिती उपयोगी पडते. उत्सव १३ वर्षांखालील मुलांसाठी नाही असे उद्यान स्वतःच बजावते, परंतु तेरा ते सोळा वयाच्या मुलांतही फरक असतो. ‘टेरिफायर’सारखे अतिशय रक्तरंजित घर कोणत्या जातीचे आहे हे चित्रपटाच्या नावावरूनच कळते, स्वतंत्र घराबाबत ते कळत नाही.

माझा कौल असा आहे. परवान्याची दोनच घरे निवडावीत, ज्यांची मूळ कथा तुम्ही पाहिली आहे आणि जिच्यातले भय मुखवट्यातून किंवा चेहरा नसलेल्या प्राण्यातून येते, अशीच. ती अगदी सुरुवातीला उरकावीत. ज्यांच्याकडे उद्यानाचे दिवसाचे तिकीटही आहे त्यांना बंद होण्याच्या वेळी आतच ठरलेल्या जागी थांबून काही घरांच्या रांगेत आधी लागता येते, आणि हा लाभ परवान्याच्या घरांसाठी वापरावा. उरलेली रात्र स्वतंत्र घरांना द्यावी. त्यांच्या रांगा तुलनेने लहान असतात, आणि मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरली की रांगेतले अंतर वाढून धक्के अधिक नेमके बसतात, कारण पुढच्याची किंकाळी ऐकून आपण सावध होण्याचा प्रकार कमी होतो. भयपट मुळीच न पाहणाऱ्यांनी तर परवान्याची घरे सोडूनच द्यावीत.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा पडतो. युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलीवूडमध्ये साधारण आठ घरे असतात आणि त्यांत स्वतंत्र फार थोडी, तर जवळच्याच ब्यूना पार्कमधला ‘नॉट्स स्केरी फार्म’ हा १९७३ पासूनचा उत्सव प्रामुख्याने स्वतःच्याच कल्पनांवर चालतो. तेथे एकाच उद्यानात दोन्ही प्रकार शोधण्यापेक्षा दोन रात्री दोन ठिकाणी जाणे योग्य. भारतातून निघणाऱ्याला सिंगापूरच्या युनिव्हर्सलमधील उत्सव अधिक सोयीचा आहे. तेथे २०२३ साली ‘ऑल ऑफ अस आर डेड’ या कोरियन मालिकेच्या घराबरोबरच चिनी लोककथेतील नरकावरचे स्वतंत्र घरही होते, आणि दोन्हींपैकी एकच निवडायचे असते तर मी बिनदिक्कत नरक निवडला असता. शरद ऋतूत प्रवास जमतच नसेल, तर लास वेगासमध्ये ऑगस्ट २०२५ पासून ‘युनिव्हर्सल हॉरर अनलीश्ड’ वर्षभर सुरू आहे. त्याच्या चार घरांपैकी तीन चित्रपटांवरची असून ‘स्केअरक्रो: द रीपिंग’ हे एकच स्वतंत्र आहे, २०१७ साली ऑर्लँडोत पहिल्यांदा दिसलेले. चारही घरे एकाच संध्याकाळी पाहून होत असल्याने तेथे क्रम कोणताही चालेल.