शेतातल्या प्लॉटसाठी आर की पायथॉन?

कापणी आटोपली, धान्याची वजनं वहीतून कॉम्प्युटरवर चढली, की हा प्रश्न हमखास येतो: ॲनालिसिस आर (R) या संख्याशास्त्राच्या भाषेत करू की पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत? दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात, सरासरीपासून आलेखापर्यंत सगळं दोन्हींत होतं. ते धरूनच पुढे लिहितो. मी पीकशास्त्रातला. आधी पायथॉन शिकलो, एका हंगामाचा डेटा त्यात काढला आणि मग आरकडे वळलो. माझं पारडं कुठे झुकतं हे त्यातून कळेलच. तुमचा प्रयोग वेगळा असेल तर माझं म्हणणं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पायथॉन मला आवडायचं, अजूनही आवडतं. भाषा स्वच्छ आहे. पांडाज या पायथॉनच्या तक्ते हाताळणाऱ्या पॅकेजमध्ये चार ठिकाणच्या फायली एकत्र जोडणं, तारखा सरळ करणं, हे काम मला तिथे हातासरशी झाल्यासारखं वाटतं. नोकरीच्या जाहिरातींतही त्याचंच नाव जास्त दिसतं, आणि विद्यार्थ्याने तो विचार करू नये असं मी म्हणणार नाही.

अडलं ते स्प्लिट प्लॉटवर.

प्रयोग रब्बी ज्वारीचा होता. पाण्याच्या पाळ्यांच्या तीन पातळ्या, पाच वाण, चार रिप्लिकेशन (तीच मांडणी चार वेळा), म्हणजे एकूण 60 प्लॉट. पाणी छोट्या प्लॉटला वेगळं देता येत नाही, ते शेजारच्या वाफ्यात झिरपतं. म्हणून पाणी मोठ्या मेन प्लॉटला द्यायचं आणि त्याच्या आत पाच वाण पेरायचे. हाच स्प्लिट प्लॉट. ही मांडणी केली की एररच्या, म्हणजे सारखी वागणूक मिळूनही प्लॉटांत उरणाऱ्या फरकाच्या, दोन राशी तयार होतात. वाणांची तुलना छोट्या प्लॉटमधल्या फरकाशी करायची, पाण्याची तुलना मोठ्या प्लॉटमधल्या फरकाशी. आमच्या प्रयोगात पाण्यासाठी एररचे डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे तो फरक मोजायला हाताशी असलेल्या स्वतंत्र तुलनांची संख्या) फक्त 6 होते, वाणांसाठी 36.

पायथॉनच्या स्टॅट्समॉडेल्स या संख्याशास्त्राच्या पॅकेजमध्ये मी सरळ मॉडेल लिहिलं: रिप्लिकेशन, पाणी, वाण आणि पाणी-वाण आंतरक्रिया (पाण्याचा परिणाम वाणागणिक बदलतो का ते). पहिला अडथळा किरकोळ होता. उत्पादनाच्या रकान्याला मी ‘यील्ड’ असं नाव दिलं होतं, तो शब्द पायथॉनने स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे सूत्र चालेना. नाव बदललं, चाललं. तक्ता आला, पाण्यासमोर तारे आले, म्हणजे पाण्याचा परिणाम सिग्निफिकंट, निव्वळ योगायोगाचा नाही, असं दिसलं. गाईडनी तक्त्यावर एकदा नजर टाकली आणि एररच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे डीएफ 42 होते. 6 आणि 36 यांची बेरीज. दोन्ही एरर एकाच पोत्यात भरले होते.

यात काय बिघडतं ते आकड्यात बघा. 5 टक्के पातळीवर पाण्याचा परिणाम सिग्निफिकंट ठरायला एफचं मूल्य (पाण्यामुळे पडलेला फरक भागिले एरर) डीएफ 2 आणि 6 असताना 5.14च्या वर जावं लागतं. डीएफ 2 आणि 42 धरले तर 3.22च्या वर गेलं तरी भागतं. शिवाय भागाकारातला एररच बदलतो. मेन प्लॉट सहसा एकमेकांपासून जास्त वेगळे असतात, कारण जमिनीचा उतार, खोली, जुना बांध हे सगळं तिथे येतं. बरोबर हिशेब केल्यावर माझ्या तक्त्यातले पाण्यासमोरचे तारे गेले. एक पाळी वाचवायची की नाही, हे शेतकऱ्याला सांगण्याचा आधारच त्या ताऱ्यांवर होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पायथॉनमध्ये हे करता येत नाही असं नाही. रिप्लिकेशन आणि पाणी यांची आंतरक्रिया मॉडेलमध्ये घालायची आणि पाण्याचं एफ स्वतः भागून काढायचं. किंवा मिक्स्ड मॉडेल, म्हणजे एररचे असे थर वेगळे धरणारं मॉडेल, लावायचं. पण स्टॅट्समॉडेल्सचं मिक्स्ड मॉडेल गुणांकांसमोर झेड चाचणी देतं. ती भरपूर डेटा आहे असं धरून चालते आणि आपल्या हातात 6 डीएफ असतात. दर वेळी हे लक्षात ठेवून हाताने दुरुस्ती करणं मला जमलं असतं, पण पुढच्या वर्षी तीच फाईल ज्युनिअरच्या हातात गेल्यावर तिलाही जमेल, याची खात्री नव्हती.

आरमध्ये तेच काम एका ओळीत होतं. सूत्रात ‘एरर’ लिहून कंसात रिप्लिकेशन, तिरकी रेघ, पाणी. रेघेचा अर्थ ‘याच्या आत ते’. प्रयोगाची मांडणी अशी थोडक्यात लिहिण्याची पद्धत विल्किन्सन आणि रॉजर्स या संख्याशास्त्रज्ञांनी 1973 साली मांडली. तक्ता दोन थरांत येतो, वर 6, खाली 36. पानसे आणि सुखात्मे यांच्या कृषी संख्याशास्त्रावरच्या 1954च्या पुस्तकातून आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या जो तक्ता हाताने मांडला गेला, त्याच्याशी हा ओळीला ओळ लावून बघता येतो. मी तसा बघितला. जुळला.

आरची ही घडण योगायोगाची नसावी. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती सुरू केली. त्यामुळे प्रयोगाची भाषा तिला आधीपासून येते. पायथॉनला ती नंतर शिकवावी लागली.

आरचेही त्रास आहेत, आणि एक तर घातकी आहे. पाण्याच्या पातळ्यांना फाईलमध्ये 1, 2, 3 असे आकडे दिले असतील, तर आर त्यांना माप समजते, गट समजत नाही. ती निमूट एक सरळ रेघ बसवते आणि चूक दाखवत नाही. रिप्लिकेशनचंही तेच. म्हणून तक्ता आला की आधी डीएफचा रकाना वाचा. तीन पातळ्या असताना पाण्यासमोर 2च्या जागी 1 दिसला, तर रकाना फॅक्टर (आरमध्ये गट दाखवणारा रकाना) करून पुन्हा चालवा. दुसरं म्हणजे, रानडुकरांनी दोन प्लॉट खाल्ले आणि डेटात भोकं पडली की ही एका ओळीची सोय लंगडते. मग एलएमई-फोर हे पॅकेज घ्यावं लागतं, आणि पी मूल्य (सिग्निफिकंट की नाही हे ठरवणारा आकडा) हवं तर त्याच्या जोडीला एलएमईआर-टेस्ट. ते शिकायला माझा जवळपास एक महिना गेला.

आता दुसरी बाजू. तुमचं काम पानावरच्या रोगाचे फोटो ओळखण्याचं असेल, ड्रोनच्या किंवा उपग्रहाच्या प्रतिमांचं असेल, तर मी आरचा आग्रह धरणार नाही. हवामान विभाग पुण्याहून 0.25 अंशांच्या जाळीत रोजच्या पावसाचा डेटा देतो. अनेक वर्षांचा असा डेटा हाताळायला मी स्वतः आजही पायथॉनच उघडतो. तालुक्याचा पाऊस तिथे काढतो, साधी सीएसव्ही फाईल करतो आणि ती आरमध्ये नेतो. दोन्ही शिकायला वेळ असेल तर हा रस्ता वाईट नाही.

पण सिनॉप्सिस जमा करायला चार महिने उरलेत, शेतात आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, मेन प्लॉट नसलेली साधी मांडणी) किंवा स्प्लिट प्लॉट उभा आहे आणि एकच निवडायचं आहे, अशी स्थिती असेल तर मी आरच सुचवेन. सुरुवात स्वतःच्या डेटापासून करू नका. विभागातल्या जुन्या थिसिसमधला हाताने सोडवलेला एखादा स्प्लिट प्लॉट घ्या, त्यातले आकडे टाईप करा आणि एरर ए (मेन प्लॉटचा), एरर बी (छोट्या प्लॉटचा) दोन्ही जुळेपर्यंत आपली फाईल पुढे काढू नका. मला त्याला दोन दुपारी लागल्या.