मतदारासाठी ऑनलाइन साधनं: कुठल्या प्रश्नाला कुठलं उघडायचं? खान्देशातल्या मतदारांसाठी तुलना

मतदारासाठी आज इतकी ॲप आणि संकेतस्थळं आहेत की नेमकं काय उघडावं हेच कळत नाही. सगळी उघडायची गरजही नाही. आधी दोन गोष्टी ठरवा. निवडणूक कुठली आहे? आणि आपल्याला हवंय काय: यादीतलं नाव, उमेदवाराची माहिती, की निवडून गेलेल्याच्या कामाचा हिशेब? एवढं ठरलं की निम्मी साधनं आपोआप बाजूला पडतात.

आधी आयोग कुठला ते बघा

लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. दोघांची संकेतस्थळं वेगळी, ॲप वेगळी, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर असलेली यादीही वेगळी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

राज्य आयोग स्वतःची नवी यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभाग, गण, गटांप्रमाणे फोडतो. 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्यानंतर नाव लागलेला मतदार केंद्रीय पोर्टलवर दिसतो, पण प्रभागाच्या यादीत सापडत नाही. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते, ती चुकीच्या प्रभागात नाव गेलं किंवा विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलं यासाठी. नवीन नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. म्हणून महापालिका किंवा जिल्हा परिषदेसाठी राज्य आयोगाचं संकेतस्थळ किंवा ‘मताधिकार’ ॲप वापरा, आणि लोकसभा-विधानसभेसाठी केंद्रीय आयोगाचं मतदार सेवा पोर्टल.

दुसरा घोळ मतदारसंघाचा. जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ यांच्या सीमा आपल्याकडे जुळत नाहीत. शिरपूर आणि साक्री धुळे जिल्ह्यात, पण लोकसभेला नंदुरबारमध्ये. धुळे लोकसभेत नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण येतात. रावेरमध्ये बुलढाण्यातलं मलकापूर आहे, आणि जळगाव जिल्ह्यातलं चोपडाही रावेरलाच जोडलेलं आहे. साक्रीच्या मतदाराने धुळ्याच्या खासदाराची कामगिरी कितीही बारकाईने वाचली तरी त्याच्या मताला तिचा उपयोग शून्य.

यादीत नाव शोधण्याचे मार्ग

केंद्रीय पोर्टलवर तीन प्रकारे शोधता येतं: मतदार ओळखपत्र क्रमांकाने, स्वतःच्या तपशिलाने, किंवा मोबाइल क्रमांकाने. क्रमांक हाताशी असेल तर दुसरं काही करूच नका. तीन इंग्रजी अक्षरं आणि सात अंक, एकूण दहा. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची अदलाबदल झाली की ‘नोंद सापडली नाही’ असं येतं, आणि माणूस नाव कापलं गेलं म्हणून घाबरतो. जुन्या कार्डांवर तिरक्या रेघांचा लांब क्रमांक असतो. तो टाकूनही काही मिळत नसेल तर तपशिलाने शोधा आणि नवा दहा अक्षरी क्रमांक टिपून ठेवा.

तपशिलाने शोधताना खरी कसरत स्पेलिंगची. वसावे, वळवी, पाडवी, पावरा ही आडनावं इंग्रजीत प्रत्येक डेटा एंट्री करणाऱ्याने आपापल्या पद्धतीने लिहिलेली असतात: ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, मध्ये ‘ए’ आहे की नाही. त्यामुळे भाषा मराठी निवडून शोधा. तरी सापडलं नाही तर आडनाव सोडून फक्त नाव आणि वडिलांचं नाव टाका. विवाहित बाईचं नाव शोधताना नातेवाइकाच्या रकान्यात एकदा पतीचं आणि एकदा वडिलांचं नाव घालून बघा. लग्नानंतर सासरी नाव लागलं पण माहेरचं कापलं गेलं नाही, किंवा उलट, हे वरचेवर दिसतं. मोबाइलने शोध तेव्हाच चालतो जेव्हा तो क्रमांक नोंदीला जोडलेला असतो. घरातल्या चौघांची नोंद एकाच जुन्या सिमवर झाली असेल आणि ते सिम बंद पडलं असेल, तर हा मार्ग तिथेच संपतो.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरची भागनिहाय पीडीएफ यादी हा याहून कष्टाचा पण जास्त माहितीचा मार्ग. मतदारसंघ, भाग क्रमांक आणि कॅप्चा टाकला की आख्ख्या वस्तीची यादी उतरते. पानावर साधारण तीस नावं असतात. ही पीडीएफ म्हणजे पानांची चित्रं असल्यामुळे त्यात शब्द टाकून शोधता येत नाही, ओळीने डोळे फिरवावे लागतात. पण आपल्या घरातलं वारलेलं माणूस अजून यादीत आहे का, एकाच घर क्रमांकावर अनोळखी वीस नावं आहेत का, हे पोर्टलचा शोध कधीच सांगणार नाही. शेवटची पुरवणी यादी जरूर बघा, वाढलेली आणि वगळलेली नावं तिथेच असतात. एका माणसाचं नाव बघायचं तर पोर्टल. गल्लीची यादी तपासायची तर पीडीएफ.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळच्या भागात रेंज मिळेल तेव्हा मिळते. तिथे 1950 हा मतदार हेल्पलाइनचा क्रमांक पोर्टलपेक्षा बरा. आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा: जळगाव 0257, धुळे 02562, नंदुरबार 02564. फोन करताना ओळखपत्र समोर ठेवा, म्हणजे क्रमांक सांगताना अडखळायला होत नाही.

अर्ज: मोबाइलवरून की बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे)?

नवीन नावासाठी नमुना 6, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी नमुना 7, आणि पत्ता बदलणं, दुरुस्ती, दुसरं कार्ड मिळवणं, दिव्यांग म्हणून नोंद करणं या सगळ्यासाठी नमुना 8. पत्ता बदलला म्हणून पुन्हा नमुना 6 भरणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यातून दुबार नोंद होते. एकापेक्षा जास्त ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने मनाई आहे, आणि अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सुरत, पुणे, नाशिकला कामाला गेलेल्यांनी हे नीट समजून घ्यावं: नाव कुठे ठेवायचं ते ठरवा, आणि हलवायचं असेल तर नमुना 8.

ऑनलाइन अर्जाचा मोठा फायदा म्हणजे संदर्भ क्रमांक. अर्ज कुठे अडकलाय ते दिसतं. कागदी अर्ज दिला तर पोच मागूनच घ्या. मात्र ऑनलाइन भरलं म्हणून बीएलओची फेरी टळत नाही. तो घरी येऊन पडताळणी करतो, हरकतींसाठी सात दिवस ठेवले जातात, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. ऊसतोडीला किंवा मजुरीला घर बंद करून गेलेल्या कुटुंबांचे अर्ज इथेच मार खातात. अर्ज भरताच पोर्टलवरून बीएलओला कॉलची विनंती करा, किंवा शेजाऱ्याला सांगून ठेवा. पासपोर्ट फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा सुवाच्य असावा. अंधुक फोटोमुळे अर्ज परत येतात.

1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत (त्या दिवशी अठरा पूर्ण हवीत), आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज व्यवहारात यादीपर्यंत पोहोचतात.

उमेदवार तपासायचा कुठे?

2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला म्हणून आज प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. लोकसभा-विधानसभेला ते नमुना 26 मध्ये असतं: स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, मागच्या पाच वर्षांची आयकर विवरणपत्रं, शिक्षण, प्रलंबित खटले आणि शिक्षा. हे वाचायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, आयोगाचं शपथपत्र पोर्टल. इथे मूळ कागदाचा स्कॅन मिळतो, सही-शिक्क्यासकट. शेवटचा शब्द हाच. अडचण इतकीच की एकेक शपथपत्र पंधरा-वीस पानांचं, काही ठिकाणी हाताने लिहिलेलं, आणि दोन उमेदवारांची तुलना स्वतःच कागद-पेन घेऊन करावी लागते.

दुसरा, असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेचं ‘मायनेता’. ते शपथपत्रांचा सारांश करून आकडे रांगेत मांडतं: एकूण मालमत्ता, देणी, खटले, शिक्षण. मागच्या निवडणुकीशी तुलनाही सापडते. पाच मिनिटांत मतदारसंघाचं चित्र समोर येतं. पण तिथली मालमत्तेची बेरीज आख्ख्या कुटुंबाची असते, माहिती बहुतेक इंग्रजीत आहे, आणि हस्ताक्षर वाचताना चूक होऊ शकते. एकाच नावाच्या उमेदवारांबाबत विशेष जपा. आपल्याकडे पाटील आणि महाजन एका मतदारसंघात चार निघतात. वडिलांचं नाव, वय आणि पक्ष जुळल्याशिवाय आकडा खरा धरू नका.

आमचं मत स्पष्ट आहे: मायनेतावर चाळा, ज्या उमेदवाराबद्दल निर्णय करायचाय त्याचं मूळ शपथपत्र आयोगाच्या पोर्टलवर वाचा. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत किमान दोन आठवडे मिळतात, तेवढ्यात हे सहज होतं. स्थानिक निवडणुकांसाठी मायनेतावर विसंबू नका, राज्य आयोगाकडची शपथपत्रं बघा. महापालिकेत बहुसदस्यीय प्रभाग असल्यामुळे तिथे एकाच मतदाराला प्रत्येक जागेच्या उमेदवारांचे कागद वाचावे लागतात.

खटल्यांचा नुसता आकडा फसवा असतो. कलमं वाचा. जुन्या भारतीय दंड संहितेत 143 म्हणजे बेकायदा जमाव आणि 188 म्हणजे सरकारी आदेशाची अवज्ञा. आंदोलन करणाऱ्या कार्यकर्त्यावर अशी डझनभर असू शकतात. 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न, 420 म्हणजे फसवणूक. असा एक खटला त्या डझनाहून जड. 1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे आकडे लागतात: खुनाचा प्रयत्न 109, फसवणूक 318, आदेशाची अवज्ञा 223. जुन्या सवयीने नवे आकडे वाचले तर अर्थाचा अनर्थ होतो. आणि प्रलंबित खटला व झालेली शिक्षा हे शपथपत्रातले दोन वेगळे रकाने आहेत, ते एकत्र मोजू नका.

निवडून गेल्यावर

खासदारांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चचं संकेतस्थळ सर्वांत सोपं: हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग, सगळं राज्याच्या सरासरीसकट. पण मंत्र्यांचे हे आकडे तिथे नसतात, कारण मंत्री सरकारच्या बाजूने उत्तर देतात, प्रश्न विचारत नाहीत. रावेरच्या खासदार रक्षा खडसे जून 2024 पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, तेव्हा तिथला रिकामा रकाना गैरहजेरी समजू नये. हजेरीचा आकडाही एकटा धरू नका. केळीचा पीकविमा, कापसाचा भाव, तापीचं पाणी यावर कोणते प्रश्न विचारले ते ‘संसद’ संकेतस्थळावर मंत्र्यांच्या उत्तरासकट वाचता येतं. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, त्याची कामं वेगळ्या पोर्टलवर आहेत.

आमदारांसाठी इतकी सोय नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज आहे, पण त्यातून एका आमदाराचं काम वेचून काढायला चिकाटी लागते.

ग्रामपंचायतीचा हिशेब मात्र ‘ई-ग्रामस्वराज’वर चांगला दिसतो. वर्ष निवडा, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, मंजूर आराखडा आणि झालेला खर्च समोर येतो. गटार कागदावर पूर्ण आणि जागेवर नाही असं दिसलं, तर त्या नोंदीची छपाई घेऊन ग्रामसभेत बसा.

तक्रार आणि अफवा

आचारसंहिता भंगासाठी ‘सी-व्हिजिल’ आहे. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. ठिकाण आपोआप जोडलं जातं, म्हणून जीपीएस चालू ठेवा. शंभर मिनिटांत निपटारा अपेक्षित आहे. नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते कळत नाही. ‘सी-व्हिजिल’, ‘व्होटर हेल्पलाइन’ अशी चाळीसहून अधिक ॲप आणि संकेतस्थळं केंद्रीय आयोगाच्या ‘ईसीआयनेट’मध्ये एकत्र आणल्याने आता तिथूनच सुरुवात करणं सोयीचं.

व्हॉट्सॲपवरच्या माहितीची तुलना यातल्या कशाशीच होऊ शकत नाही, तरी एका संदेशाबद्दल सांगायलाच हवं. ‘यादीत नाव नसेल तर आधार दाखवून चॅलेंज व्होट मागा, चौदा टक्के टेंडर व्होट झाले तर फेरमतदान होतं’ असा तो दर निवडणुकीत फिरतो. तो खोटा आहे. यादीत नाव नसेल तर मत नाही, आधार दाखवलं तरी. मतदाराच्या ओळखीला आव्हान देता येतं, ते मतदान प्रतिनिधी दोन रुपये भरून देतो. आणि आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर नियम 49-पी प्रमाणे मतदान केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका (म्हणजेच टेंडर व्होट) मागा. ती मशीनवर नसते, कागदावर असते, आणि ओळखीच्या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक दिल्यावर द्यावीच लागते.