देवगिरीची गाईडफेरी: अंधारी झकास, १२९६ कच्चं

दौलताबाद, म्हणजे जुन्या देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी मिळणारा गाईड अंधारीसाठी, म्हणजे गडावर नेणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेसाठी घ्यावा. आतली फसवी वळणं, लहानमोठ्या पायऱ्या, डोक्यावर वटवाघळं. वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर खाली कसा लोटत, हे जागेवर दाखवणारा माणूस नसेल तर ती नुसती काळोखी वाट. मोबाईलच्या उजेडावर भागत नाही, बॅटरी न्या. लहान मुलं मधे ठेवा.

कच्चा भाग अल्लाउद्दीन खिलजीच्या १२९६च्या स्वारीचा. खंदक, अंधारी दाखवून "शत्रू इथंच अडायचा" म्हणतात, अन् पुढच्याच वाक्यात किल्ला फितुरीनं पडला. १२९६ची चढाई या वाटेनं वर आलीच नव्हती. कडा-माणिकपूरचा हा सुभेदार काही हजार स्वार घेऊन, चुलता, दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन याला न कळवता आला. इथला यादव राजा रामदेवराय याची मोठी फौज मुलगा शंकरदेवाबरोबर बाहेर होती. मागून वीस हजारांची शाही फौज येतेय, अशी हूल अल्लाउद्दीनानं उठवली. शंकरदेव परतला, लढाईत त्याचा जोर होता. तेवढ्यात किल्ल्याभोवती ठेवलेली अल्लाउद्दीनाचीच तुकडी धूळ उडवत आली आणि यादवांना तीच शाही फौज वाटली. वर गडावर धान्य म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तो तीनशे वर्षांनंतरचा, त्यामुळे मीठ चिमूटभरच घ्यावं. पण रसद तुटली की हा कडा काही कामाचा नाही, हे १६३३च्या मोगली वेढ्यातही दिसलं.

चढाई फसली असती तर? गाईड म्हणतात, "मुसलमान दक्षिणेत आलेच नसते." हे फार झालं. नेमकं नुकसान अल्लाउद्दीनाचं होतं. इथून खंडणीत नेलेल्या सोन्यावर त्यानं त्याच वर्षी चुलत्याला मारून दिल्लीचे अमीर फोडले. रिकाम्या हातानं परतला असता तर परवानगीविना फौज घालवलेला सुभेदार, एवढीच त्याची किंमत. त्याचा सेनापती मलिक काफूरच्या दक्षिणेतल्या स्वाऱ्या मग कोणी पाठवल्या असत्या? दिल्लीची नजर पुढंमागं इकडं वळलीच असती. पण तोवर रामदेवरायाला कोठारं भरायला वेळ मिळाला असता.

चांदमिनार, चिनी महाल, वरची बारादरी हे सगळं नंतरचं. गाईड ते यादवांच्या खात्यात घालू लागला तर तिथंच टोका.

साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात सकाळी लवकर लागा, माणशी दोन लिटर पाणी ठेवा. खाऊची पिशवी उघडी धरू नका, माकडं हिसकतात. चांदमिनारपाशी रेंगाळणारा गाईड अंधारी उरकतो. वेळ आधीच ठरवून घ्या.