ई-विमा खाते: लग्न, बाळ, नोकरीबदल आणि गृहकर्जाच्या काळात वापरल्यानंतरचा अनुभव

ई-विमा खाते, म्हणजेच ई-इन्शुरन्स अकाउंट, मी लग्नानंतर उघडले. त्यानंतरच्या काळात आमच्या घरी बाळ आले, माझ्या पतींनी नोकरी बदलली, आम्ही सांगलीहून पुण्याला राहायला आलो आणि फ्लॅटसाठी गृहकर्ज घेतले. विम्याच्या कागदपत्रांची खरी कसोटी अशाच काळात लागते, म्हणून या खात्याचा उपयोग नेमका कुठे झाला आणि कुठे झाला नाही, हे सविस्तर लिहीत आहे. सर्व पॉलिसी एका जागी दिसणे ही सोय खरी आहे आणि त्यासाठी खाते जरूर उघडावे, असे माझे मत आहे. मात्र घरात झालेला बदल पॉलिसीवर चढवण्याचे काम हे खाते फारच थोडे करते, आणि ज्या बदलांवर दाव्याचे पैसे अवलंबून असतात ते बहुतेक बदल प्रत्येक कंपनीकडे स्वतंत्रपणे आणि मुदतीतच नोंदवावे लागतात.

डीमॅट खात्यात जसे शेअर असतात, तशा या खात्यात विमा पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात राहतात. भारतात ही व्यवस्था २०१३ साली विमा नियामक आयआरडीएआयच्या परवान्याने चालणाऱ्या रिपॉझिटरी, म्हणजे पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या, संस्थांमार्फत सुरू झाली. खाते उघडण्यास आणि चालू ठेवण्यास काही खर्च येत नाही, एका व्यक्तीला एकच खाते ठेवता येते, आणि आयुर्विमा, आरोग्य विमा, वाहन विमा अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या पॉलिसी त्यात एकत्र ठेवता येतात. १ एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे कंपन्यांना बंधनकारक झाल्यामुळे आता प्रस्ताव अर्जातच ई-विमा खात्याचा क्रमांक विचारला जातो.

पहिली अडचण नावाची आली. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव लिहिण्याची रीत असल्यामुळे लग्नानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. माझ्या आधारवर नवे नाव होते, पॅनवर माहेरचे नाव होते आणि शिक्षण चालू असताना घेतलेल्या पॉलिसीवर माहेरच्या नावाचेही आणखी एक रूप होते, कारण तिथे वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर छापलेले होते. पॅन आणि आधार यांतील नाव जुळत नसल्यामुळे खात्याचा अर्ज परत आला. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून आधी पॅन दुरुस्त करून घेतले आणि मग खाते उघडले गेले. त्यानंतर त्याच प्रमाणपत्राच्या स्वसाक्षांकित प्रती देऊन प्रत्येक कंपनीकडून पॉलिसीवर नावबदलाची एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, घेतली. एका कंपनीने विवाह प्रमाणपत्राऐवजी राजपत्राची मागणी केली, तेव्हा मी लेखी कारण विचारले आणि ती मागणी मागे घेतली गेली. बँक खात्यावरील नाव आणि पॉलिसीवरील नाव एक नसेल तर मुदतपूर्तीची रक्कम जमा होतानासुद्धा अडते, त्यामुळे हे काम कंटाळवाणे असले तरी सर्वात आधी करण्यासारखे आहे.

घरातल्यांच्या जुन्या कागदी पॉलिसी आपापल्या खात्यात आणताना आणखी एक बाब समोर आली आणि ती अनेक घरांत असेल असे मला वाटते. सासऱ्यांच्या दोन पॉलिसींवर मोबाइल क्रमांक आणि ईमेल विमा प्रतिनिधीचाच नोंदवलेला होता. हप्त्याची सूचना, ओटीपी, कंपनीचा पत्रव्यवहार असे सारे इतकी वर्षे त्यांच्याकडे जात होते. प्रतिनिधी भले गृहस्थ आहेत आणि त्यांनी हप्ते वेळेवर भरून घेतले, परंतु त्यांनी व्यवसाय बंद केला असता तर सासऱ्यांना पॉलिसी बंद पडल्याचे कळलेही नसते. पतींच्या एका पॉलिसीवर जुन्या कंपनीने दिलेला मोबाइल क्रमांक होता, जो राजीनाम्यानंतर परत करावा लागतो. या दोन्ही बाबतींत ई-विमा खात्याचा चांगला उपयोग झाला: ज्या पॉलिसी खात्यात आलेल्या होत्या, त्यांच्यासाठी पत्ता आणि संपर्काचा बदल एकदाच नोंदवला आणि तो संबंधित कंपन्यांपर्यंत पोहोचला. एका कंपनीकडे तो वेळेत दिसला नाही, म्हणून तिच्या ग्राहक सेवेला स्वतंत्रपणे लिहावे लागले. त्यामुळे बदल नोंदवल्यावर प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तो उमटला आहे का, हे पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

आता नॉमिनीविषयी, म्हणजे पॉलिसीधारकाच्या मृत्यूनंतर रक्कम ज्याच्या हाती द्यायची त्या नेमलेल्या व्यक्तीविषयी. खात्यात प्रत्येक पॉलिसीसमोर नॉमिनीचे नाव दिसते आणि माझ्या दृष्टीने या खात्याचा सर्वात मोठा लाभ हाच आहे, कारण सर्व नावे एकाखाली एक पाहिल्यावर परिस्थिती लगेच लक्षात येते. पतींच्या मुदत विम्यावर, म्हणजे टर्म पॉलिसीवर, त्यांच्या वडिलांचे नाव होते. माझ्या पॉलिसीवर माझ्या वडिलांचे होते. लग्न झाले म्हणून विमा पॉलिसीवरील नॉमिनी आपोआप बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ सालच्या सरबती देवी निकालानुसार नॉमिनीची भूमिका वारसांसाठी रक्कम स्वीकारणाऱ्याची होती. २०१५ साली विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पॉलिसीधारकाने स्वतःच्या आयुष्यावरील पॉलिसीत आईवडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर ती व्यक्ती रकमेची लाभार्थी मानण्याची तरतूद आली. म्हणजे वडिलांचे नाव तसेच राहिले, तर त्या रकमेवर पत्नीचा आणि बाळाचा हक्क सिद्ध करण्यासाठी घरातल्याच माणसांना एकमेकांसमोर उभे राहावे लागू शकते. आमच्याकडे दोन्ही वडिलांशी मोकळेपणाने बोलून नॉमिनी बदलले, एका पॉलिसीत सासूबाई आणि मी असे दोघींचे टक्केवारीने हिस्से लावले. बाळाचे नाव घालायचे असेल तर ते सज्ञान होईपर्यंत रक्कम स्वीकारणारी प्रौढ व्यक्ती, म्हणजे अपॉइंटी, नेमावी लागते. हा बदल काही कंपन्यांच्या संकेतस्थळावर ओटीपीने झाला, काहींकडे सहीचा अर्ज शाखेत द्यावा लागला. बदल केल्यानंतर मिळणारे एंडॉर्समेंट पत्र नीट वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या एका पत्रात नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ऐवजी ‘बहीण’ छापून आले होते आणि ते दुरुस्त करून घेतले नसते तर दाव्याच्या वेळी नाहक स्पष्टीकरण द्यावे लागले असते.

पतींच्या टर्म पॉलिसीत आणखी एक सवलत होती, जिच्याकडे खात्याने लक्ष वेधले नाही. काही टर्म योजनांत लग्न, अपत्यजन्म अथवा गृहकर्ज यांसारख्या प्रसंगी नव्याने वैद्यकीय तपासणी न करता विमा रक्कम ठरावीक प्रमाणात वाढवता येते, मात्र प्रसंगानंतर ठरलेल्या मुदतीतच तसा अर्ज करावा लागतो. खात्यात पॉलिसी क्रमांक, विमा रक्कम, हप्ता आणि देय तारीख दिसते. असे पर्याय पॉलिसीच्या अटींच्या कागदात आत कुठेतरी असतात. मी ते वाचले, लग्नाची मुदत उलटून गेलेली होती, बाळाच्या जन्माची मिळाली. विम्याची रक्कम वाढवताना हप्ता तेव्हाच्या वयानुसार लागतो, तरीही तपासणी टळणे ही मोठी गोष्ट आहे. याशिवाय पतींनी एक नवी टर्म पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतली, जेणेकरून ती रक्कम पत्नी आणि अपत्यासाठीच राहील आणि कर्जदात्यांना तिच्यावर हक्क सांगता येणार नाही. ही तरतूद पॉलिसी घेतानाच निवडावी लागते, चालू पॉलिसीला नंतर लावता येत नाही.

आरोग्य विम्यात तर तारखांना फारच महत्त्व आहे. आमच्या फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबासाठी एकच विमा रक्कम असलेल्या, पॉलिसीत लग्नानंतर जोडीदाराला वर्षाच्या मध्येच जोडता येत होते, पण ठरावीक दिवसांत. ते दिवस गेले तर थेट नूतनीकरणाची वाट पाहावी लागते. नव्याने जोडलेल्या व्यक्तीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जोडल्याच्या दिवसापासून मोजला जातो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तो २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. म्हणून ‘पुढच्या नूतनीकरणाला बघू’ असे म्हणणे म्हणजे हा कालावधी सुरू होण्यास उशीर करणे होय. नवजात बाळाच्या बाबतीत पॉलिसीगणिक नियम वेगळे आहेत: मातृत्व लाभ असलेल्या अनेक पॉलिसी पहिल्या दिवसापासून संरक्षण देतात, तर इतर अनेक पॉलिसींत ते ९१ व्या दिवसापासून मिळते. आमच्या बाळाला जन्मानंतर लगेच काही दिवस नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तेव्हा हा फरक कागदावरचा राहिला नाही. बारसे व्हायचे होते, महापालिकेच्या जन्म दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा होता आणि कंपनीच्या अर्जात नाव सक्तीचे होते. ग्राहक सेवेकडून विचारून घेतल्यावर आईच्या नावाने, ‘बेबी ऑफ’ असे लिहून नोंद झाली आणि नंतर नावाचा जन्म दाखला देऊन दुरुस्ती झाली. जन्म नोंदणीनंतर बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येते, त्यामुळे दाखल्यावर नाव यायचे आहे म्हणून विम्याची नोंद थांबवून ठेवण्याचे कारण नाही. या संपूर्ण प्रकरणात ई-विमा खात्याचा उपयोग फक्त पॉलिसीची प्रत मध्यरात्री दवाखान्यात मोबाइलवर उघडण्यापुरता झाला. पण त्या रात्री तोही मोठा होता.

नोकरीबदलाच्या वेळी खात्याची मर्यादा स्पष्ट दिसली. नोकरीतून मिळणारा गट आरोग्य विमा माझ्या किंवा पतींच्या खात्यात दिसत नाही, आणि तो सर्वसाधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्या विम्यात सासू-सासरेही होते आणि सासऱ्यांना मधुमेह आहे. गट विम्यातील सदस्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा हक्क असतो आणि गट विम्यात पूर्ण झालेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय त्यात मिळू शकते, म्हणून राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच मनुष्यबळ विभागाकडून विमा कंपनीचा संपर्क घेऊन अर्ज दिला. दुसऱ्या कंपनीकडे पोर्टिंग करायचे, म्हणजे प्रतीक्षा कालावधीच्या श्रेयासह पॉलिसी न्यायची असती, तर नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस अर्ज द्यावा लागला असता, आणि नव्या कंपनीने नकार देण्याची शक्यताही उरली असती. याच वेळी जुने पगार खाते रिकामे राहू लागले. त्यातूनच प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे वार्षिक ४३६ रुपये आणि सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये कापले जात होते. खात्यात शिल्लक नसेल तर मे अखेरीस ही वजावट होत नाही आणि १ जूनपासून संरक्षण संपते. प्रत्येकी दोन लाखांच्या या योजना ई-विमा खात्याच्या यादीत नसल्यामुळे त्या मी वहीत स्वतंत्रपणे लिहून ठेवल्या आहेत, आणि नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाने त्या नव्या खात्यातून सुरू करून घ्याव्यात.

स्थलांतराबाबत एक गोष्ट सांगायला हवी. काही आरोग्य पॉलिसींचा हप्ता शहराच्या विभागानुसार ठरतो, आणि खालच्या विभागाचा हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा काही हिस्सा स्वतः भरावा लागतो. आमची पॉलिसी तशीच निघाल्यामुळे पुण्याला आल्यावर पत्ता बदलून वाढीव हप्ता भरला. गाडीच्या विम्यात पत्ता बदलण्याआधी नोंदणी पुस्तिकेवरील पत्ता बदलावा लागतो. जुनी गाडी विकली तेव्हा नो क्लेम बोनसचे, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे, प्रमाणपत्र मागून घेतले, कारण हा बोनस गाडीसोबत जात नाही, मालकाकडे राहतो आणि नव्या गाडीच्या हप्त्यात तो वळता होतो.

गृहकर्जासाठी बँकेने पतींची एक पॉलिसी आपल्या नावे असाइन करून घेतली, म्हणजे कर्जाच्या हमीसाठी तिचे हक्क स्वतःकडे वर्ग करून घेतले. २०१५ च्या दुरुस्तीनंतर कर्जापोटी केलेल्या असाइनमेंटमुळे नामनिर्देशन रद्द होत नाही, बँकेच्या येण्यापुरताच नॉमिनीचा हक्क मागे राहतो. कर्ज फिटल्यावर पॉलिसी परत आपल्या नावे, म्हणजे रिअसाइन करून घ्यावी लागेल, याची नोंद कर्जाच्याच फायलीत लावून ठेवली आहे.

तक्रारीच्या बाबतीत खाते मध्यस्थी करते, पण निर्णय कंपनीचाच असतो. एंडॉर्समेंट अडकली तेव्हा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केल्यावर काम झाले. तसे न झाल्यास आयआरडीएआयचे बीमा भरोसा संकेतस्थळ आणि त्यानंतर विमा लोकपाल यांच्याकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबईप्रमाणे पुण्यातही आहेत आणि ही सेवा विनामूल्य आहे.

खाते उघडताना अधिकृत प्रतिनिधी नेमण्याचा रकाना येतो, तो रिकामा सोडू नये. खातेदाराचा मृत्यू झाल्यास किंवा तो खाते हाताळू शकत नसल्यास ही व्यक्ती खाते पाहू शकते. पॉलिसीच्या रकमेवर मात्र केवळ या नेमणुकीने तिचा हक्क निर्माण होत नाही. मी पतींना नेमले आहे आणि पतींनी माझ्याऐवजी त्यांच्या धाकट्या भावाला नेमले आहे, कारण प्रवासात आम्ही दोघे बहुतेक वेळा एकाच गाडीत असतो.