लक्ष्य वजन: उंचीतून 100 वजा की बीएमआय?

'माझं वजन किती हवं?' या प्रश्नाला दोन हिशेब दोन उत्तरं देतात, म्हणून गोंधळ.

पहिला तोंडी होतो: सेंटिमीटरमधल्या उंचीतून 100 वजा. दुसरा बीएमआयचा, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्यात उलट जायचं: मीटरमधल्या उंचीचा वर्ग करून त्याला हव्या त्या बीएमआयने गुणायचं. भारतीयांसाठी पट्टा 18.5 ते 22.9, 25 पर्यंत सूट देणारी कोष्टकं आपल्याला सैल पडतात.

उंची 150 सेंमी असेल तर फरक किरकोळ: वजाबाकीने 50 किलो, बीएमआयने कमाल 51.5. पण 180 ला वजाबाकी 80 सांगते, म्हणजे बीएमआय 24.7. दुसरीकडे 1.8 × 1.8 = 3.24, गुणिले 22.9, कमाल 74 किलो. जवळपास सहा किलो उगाच माफ! वजाबाकीत दर सेंटिमीटरला अख्खा किलो चढतो, बीएमआयमध्ये साधारण पाऊण.

चूक बहुधा उंचीतच होते. 5 फूट 4 इंच म्हणजे 5.4 फूट नव्हे. 64 × 2.54 = 162.6 सेंमी. चपला काढून मोजा.

चरबी की स्नायू, हे दोन्हींना कळत नाही. त्यासाठी कंबर मोजावी: पुरुषांना 90, स्त्रियांना 80 सेंमीची मर्यादा.

उंची दीड मीटरच्या आसपास आणि नुसता अंदाज हवा, तर वजाबाकी पुरे. 160 च्या पुढे, किंवा मधुमेहामुळे वजन उतरवायचं असेल, तर बीएमआयच. गरोदर स्त्रिया आणि वाढत्या मुलांसाठी दोन्ही नकोत.