ओस पेठेत नवं दुकान: न्यूकासल आणि मस्कीगनच्या दोन योजनांची पारख

ऑस्ट्रेलियातली 'रिन्यू न्यूकासल' आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावचं 'वेस्टर्न मार्केट' या दोन्ही रिटेल इन्क्युबेटर प्रकारच्या योजना. शहराच्या मधोमध ओस पडलेल्या पेठेत नवख्या माणसाला दुकान मांडून द्यायचं, त्याचा जम बसला की पेठही हळूहळू जागी होते, हा दोन्हींचा हिशोब. दोन्ही वाखाणण्याजोग्या आहेत, पण फोटोत दिसतं त्यासाठी नव्हे. रंगीत लाकडी टपऱ्या कोणतीही नगरपालिका बांधू शकते. या योजना चालल्या त्या कराराच्या मुदतीमुळे आणि गाळ्याच्या आकारामुळे.

न्यूकासलपासून सुरुवात करू, कारण शिकण्यासारखं तिथे जास्त आहे. 1989 मध्ये या शहराला भूकंपाचा तडाखा बसला, 1999 मध्ये बीएचपी या बड्या कंपनीचा पोलाद कारखाना बंद झाला आणि गिऱ्हाईक तोवर उपनगरांतल्या मॉलकडे वळलं होतं. 2008 मध्ये रिन्यू न्यूकासलचे संस्थापक मार्कस वेस्टबरी यांनी मुख्य रस्त्यांवरून फिरून मोजणी केली, तेव्हा दीडशेच्या आसपास इमारती रिकाम्या निघाल्या. जागा इतकी पडून असताना भाडं का उतरत नव्हतं? कारण व्यापारी इमारतीची किंमत तिच्या भाड्यावर ठरते. मालकाने एक गाळा स्वस्तात लांब मुदतीने दिला की कागदावर सगळ्या इमारतीची किंमत घसरते. त्यापेक्षा कुलूप परवडतं. त्यातच न्यूकासल ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सच्या तेव्हाच्या कायद्यात दुकानाच्या भाडेकराराची किमान मुदत साधारण पाच वर्षं होती. ज्याला आपला माल खपेल की नाही हेच माहीत नाही, तो पाच वर्षांच्या करारावर सही कशी करणार?

रिन्यू न्यूकासलने भाडेकराराचा नादच सोडला. ही ना-नफा संस्था मालकाकडून जागा वापरण्याचा परवाना घेई आणि तो पुढे दुकान मांडणाऱ्याला देई. मुदत 30 दिवसांची, आपोआप पुढे सरकणारी. पूर्ण भाडं देणारा गिऱ्हाईक मालकाला मिळाला की 30 दिवसांची नोटीस द्यायची आणि जागा मोकळी करून घ्यायची. परवान्याने भाडेकरूचे हक्क निर्माण होत नाहीत, भाडं ठरत नाही, म्हणून किंमतही घसरत नाही. बदल्यात मालकाला झाडलेली, दिवा लागलेली, राबती जागा मिळते. दुकान मांडणारा बाजारभावाचं भाडं न देता एक लहानशी ठराविक रक्कम देई. विम्याची काळजी संस्था घेई, आणि मालकाच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा असतो. रिकाम्या जागेत कुणी घसरून पडलं तर जबाबदार कोण, या एका भीतीपोटी कित्येक गाळे बंद राहतात.

निवडीचा नियमही शहाणपणाचा होता: शेजारच्या चालू दुकानाशी स्पर्धा करणारा माल नको. त्यामुळे हाताने बनवलेले दागिने, छापील कापड, छायाचित्रं, मातीची भांडी असे धंदे आले. डेव्हिड जोन्स या मोठ्या दुकानाने शहराच्या मध्यातून गाशा गुंडाळल्यावर त्याच इमारतीत 'एम्पोरियम' नावाने अशी छोटी दुकानं शेजारी-शेजारी मांडली गेली. एकटं दुकान बघायला कोणी वाट वाकडी करत नाही. चार-सहा एकत्र असली की येतात. लोनली प्लॅनेट या प्रवास-मार्गदर्शक प्रकाशनाने 2011 साठी जगातल्या भेट देण्याजोग्या दहा शहरांच्या यादीत न्यूकासलला जागा दिली, त्यात या गजबजाटाचा वाटा होता.

मर्यादा स्पष्ट आहेत. 30 दिवसांच्या भरवशावर भिंतीत एक खिळासुद्धा विचार करूनच ठोकावा लागतो. रंग, सुटे रॅक, चाकांचं टेबल, क्लिपचे दिवे इथपर्यंत ठीक. नळजोड, नवी विद्युतवाहिनी, पोटमाळा नको. जागेच्या वापराचा प्रकार बदलला की अग्निसुरक्षेपासून शौचालयापर्यंतचे नवे नियम लागू होतात आणि खर्च दुकानदाराच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून धुराडं आणि मोरी लागणाऱ्या खाद्यपदार्थांच्या धंद्याला ही पद्धत चालत नाही. अशा कागदावर बँकही कर्ज देणार नाही. मागणी वाढून मोठी पुनर्बांधणी सुरू झाली तशी उसनी जागा मिळणं कमी झालं आणि 2019 मध्ये संस्थेने काम थांबवलं. हे अपयश नव्हे. पण पेठ सावरली तेव्हा ती सावरणाऱ्यांच्या हाती मालकी नव्हती, आणि ही खंत राहतेच. गुण: पाचपैकी साडेचार.

मस्कीगनची अडचण उलटी होती. मिशिगन सरोवराकाठच्या या गावाने 1976 मध्ये जुन्या पेठेवर छप्पर घालून मॉल केला. तो 2001 मध्ये बंद पडला, पुढे पाडला गेला आणि गावाच्या मधोमध मोकळी जमीन उरली. इथे उसनी घ्यायला इमारतीच नव्हत्या. 2017 मध्ये वेस्टर्न अव्हेन्यूवर डझनभर लाकडी दुकानं उभी राहिली, प्रत्येकी सुमारे 90 ते 150 चौरस फुटांची, उन्हाळी हंगामासाठी ठराविक भाड्याची. हंगाम संपला की बांधिलकी संपली.

शंभर चौरस फूट म्हणजे दहा बाय दहा. दोन फूट खोलीचा काउंटर आणि तीन फुटांची वाट सोडली की माल मांडायला मुख्यतः भिंतीच उरतात. साबण, मसाले, खेळणी, दागिने यांना हे पुरतं. कपड्याच्या दुकानाला ट्रायल रूम लागते, तिथेच गणित बिघडतं. साठवणीला जागा नसते, म्हणून माल घरून आणायची सोय आधी बघावी. उघडण्याच्या वेळा करारातच लिहाव्यात: बारापैकी चार शटर बंद दिसली तर गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी फिरकत नाही.

इथून काहीजण गावातच पक्क्या दुकानात गेले. तरी शंभर फुटांवरून थेट दोन हजार फुटांच्या जुन्या गाळ्यात उडी मारणं बहुतेकांना जमत नाही, आणि अशा योजना सर्वांत जास्त अडखळतात त्या इथेच. मोठा गाळा चारशे-पाचशे फुटांत विभागून, शौचालय आणि मागची खोली सामायिक ठेवली, तर ही मधली पायरी तयार होते. ती पायरी गृहीत न धरल्याबद्दल एक गुण वजा: पाचपैकी चार.

आपल्याकडच्या पेठांत असं काही करायचं तर न्यूकासलचा परवाना ओळखीचा वाटेल, कारण आपलं लीव्ह अँड लायसन्स हेच आहे. मालकांची धास्तीही जुनी आहे: मुंबई भाडे कायद्यात 1973 मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जागेत असलेले परवानाधारक संरक्षित भाडेकरू ठरले. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. मुदत संपल्यावर जागा सोडवण्याचा कलम 24 चा झटपट मार्ग मात्र राहत्या जागेपुरता आहे. गाळ्यासाठी नेहमीच्या न्यायालयातच जावं लागतं. म्हणून मालक आणि दुकानदार यांच्यामध्ये नगरपालिका किंवा ट्रस्टसारखी संस्था हवी. मालकाशी करार तिने करावा, विमा तिने काढावा, किल्ली तिच्याकडे असावी. वीज-पाण्याची थकबाकी कोण भरणार, रंगकाम कुणाच्या खर्चाने, नोटिशीनंतर माल हलवायला किती दिवस, हे ठरल्याशिवाय पहिल्या दुकानदाराला आत घेऊ नये.