केंद्रीय अर्थसंकल्पाचा कागदपत्र-संच: विनामूल्य, विश्वासार्ह आणि वाचायला अवघड

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थमंत्र्यांचे लोकसभेतील भाषण संपते आणि त्यानंतर थोड्याच वेळात अर्थसंकल्पाची सर्व कागदपत्रे अर्थ मंत्रालयाच्या 'इंडिया बजेट' या संकेतस्थळावर आणि 'युनियन बजेट' या मोबाइल ॲपवर कोणालाही वाचण्यासाठी खुली होतात. करदात्याला सरकारकडून मिळणाऱ्या सेवांची यादी करताना ही सेवा सहसा कोणाला आठवत नाही. नागपुरात त्या दिवशी सीताबर्डीपासून कळमन्याच्या बाजारापर्यंत चर्चा होते ती प्राप्तिकराची आणि काय स्वस्त, काय महाग याची, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील चौकटी वाचून ती संपते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक वित्त शिकवण्यासाठी मी हा संच नियमितपणे वापरतो, म्हणून एखाद्या वस्तूचे करावे तसे त्याचे परीक्षण येथे करीत आहे. सरकारचा अग्रक्रम कोणता आहे आणि पैसा नेमका कोठे जाणार आहे, हे सामान्य वाचकाला या संचातून कळते का, एवढाच माझा निकष आहे. उदाहरणासाठी निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेतला आहे.

प्रथम भाषेविषयी. ॲप २०२१ मध्ये, अर्थसंकल्प पहिल्यांदाच छपाईविना सादर झाला त्या वर्षी आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ते तयार केले असून ते इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत आहे. अर्थसंकल्पाची कागदपत्रे हिंदीत उपलब्ध होऊ लागली ती १९५५-५६ पासून, आणि तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. एका मराठी माणसाच्या कारकिर्दीत हिंदीला मिळालेली ही सोय त्यानंतरच्या सात दशकांत मराठीपर्यंत पोहोचलेली नाही, याची खंत वाटते. राज्याचा अर्थसंकल्प मराठीत वाचणाऱ्याला 'महसुली जमा', 'भांडवली खर्च', 'सुधारित अंदाज', 'अनुदानाच्या मागण्या' हे शब्द परिचयाचे असतात. केंद्राच्या संचात तेच विषय त्याला परक्या शब्दांतून शोधावे लागतात.

संचातील सर्वाधिक पाहिले जाणारे पान म्हणजे 'बजेट ॲट अ ग्लान्स' या पुस्तिकेतील रुपयाचे चित्र. रुपया येतो कोठून आणि जातो कोठे, हे त्यात पैशांच्या हिशेबात दाखवलेले असते. २०२५-२६ च्या चित्रानुसार रुपयातील २४ पैसे कर्जातून, २२ पैसे प्राप्तिकरातून, १८ पैसे वस्तू व सेवा करातून आणि १७ पैसे कंपनी करातून येतात. खर्चाच्या बाजूला राज्यांचा करांतील वाटा २२ पैसे, व्याज २० पैसे आणि संरक्षण ८ पैसे आहे. चित्र देखणे आहे आणि त्यात चूक काहीच नाही, परंतु ते वाचकाची दिशाभूल करू शकते. अर्थसंकल्पाचा एकूण खर्च म्हणून जो ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो, त्यात राज्यांना करांतून मिळणारा सुमारे १४ लाख २२ हजार कोटींचा वाटा धरलेला नसतो. चित्रातील रुपयात मात्र तो धरलेला असतो. दोन्ही ठिकाणी छेद वेगळा असल्यामुळे एकच रक्कम दोन निरनिराळी रूपे घेते. व्याजापोटी जाणारे १२ लाख ७६ हजार कोटी रुपये चित्रात वीस पैसे दिसतात, पण केंद्राच्या स्वतःच्या खर्चाशी त्यांची तुलना केली तर ते रुपयामागे पंचवीस पैशांहून थोडे अधिक भरतात. कर्जाचेही तसेच. १५ लाख ६९ हजार कोटींची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरून काढायची रक्कम, चित्रात चोवीस पैशांची आहे, आणि खर्चाच्या तुलनेत ती जवळपास एकतीस पैशांची आहे. नुसते चित्र पाहून हा फरक लक्षात येत नाही. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी हेच चित्र पाठ करतात, म्हणून मी या पानाला सर्वांत कमी गुण देतो.

याउलट त्याच पुस्तिकेतील प्रमुख योजनांचा तक्ता दिसायला रूक्ष आहे आणि संपूर्ण संचात मला तोच सर्वांत मौल्यवान वाटतो. त्यात प्रत्येक योजनेपुढे चार रकाने असतात: २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फक्त शेवटचा रकाना येतो. अग्रक्रम मात्र कळतो तो तिसऱ्या रकान्यातून, कारण सरकारने स्वतःच दिलेला शब्द वर्षाच्या मध्यावर किती पाळला, याची कबुली त्यात असते. महिन्याच्या आरंभी केलेली सामानाची यादी आणि महिनाअखेरीस किराणा दुकानदाराच्या वहीत निघालेला हिशेब यांत जे अंतर असते, तेच दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत असते.

जलजीवन मिशनची ओळ पाहा. २०२४-२५ साठी तरतूद होती सुमारे ७० हजार १६३ कोटींची. सुधारित अंदाजात ती २२ हजार ६९४ कोटींवर आली, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. २०२५-२६ साठी पुन्हा ६७ हजार कोटी दाखवले आहेत आणि भाषणात योजनेला २०२८ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली आहे. ज्याने फक्त शेवटचा रकाना वाचला, त्याला घरोघरी नळाचे पाणी हा सरकारचा प्रमुख अग्रक्रम वाटेल. ज्याने तिसरा वाचला, तो ६७ हजार कोटींपैकी किती खर्च होतील, असे विचारील. ग्रामीण घरकुल योजनेची ओळही तशीच आहे: साडेचौपन्न हजार कोटी, मग सुमारे ३२ हजार कोटी, मग पुन्हा जवळपास ५५ हजार कोटी. २०२४ मध्ये गाजावाजा होऊन आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेला २ हजार कोटी दिले होते, सुधारित अंदाजात ३८० कोटी राहिले, आणि नव्या वर्षासाठी एकदम १० हजार ८३१ कोटी मांडले गेले. ही उडी कोणत्या आधारावर घेतली, याचे स्पष्टीकरण तक्त्यात नाही. मनरेगाच्या ओळीत उलट प्रकार दिसतो. तेथे तिन्ही अंदाज ८६ हजार कोटींवर स्थिर आहेत. काम मागणाऱ्याला काम देण्याची हमी असलेल्या योजनेचा आकडा मागणीप्रमाणे हलावयास हवा; तो हलत नसेल तर त्याचा अर्थ मर्यादा आधीच ठरलेली आहे, असाच मी घेतो.

भांडवली खर्चाचा, म्हणजे टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठीच्या खर्चाचा, आकडा वाचताना आणखी थोडी काळजी घ्यावी लागते. भाषणात ११ लाख २१ हजार कोटी रुपयांचा, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.१ टक्के भांडवली खर्च सांगितला आहे. यात रस्ते व रेल्वे यांचा मोठा भाग आहे हे खरे, पण राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीने बिनव्याजी दिली जाणारी दीड लाख कोटींची कर्जेही यातच आहेत. तो पैसा प्रत्यक्ष कामावर लावणारे राज्य असते. केंद्राच्या पुस्तकात तो भांडवली खर्च म्हणून आधीच जमा धरला जातो. आदल्या वर्षी भांडवली खर्चाचा अंदाज ११ लाख ११ हजार कोटी होता आणि सुधारित अंदाज १० लाख १८ हजार कोटी, ही बाबही मथळ्यात आली नाही. तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.९ टक्क्यांच्या अंदाजावरून ४.८ टक्क्यांवर आली, त्यात या न झालेल्या खर्चाचा वाटा होता, असे हे आकडे शेजारी ठेवले की दिसते.

आता नागपूरकर ग्राहकाच्या दृष्टीने. आपल्या शहरासाठी काय आले, हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी हा संच बनवलेलाच नाही. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे उदाहरण घेऊ. १ फेब्रुवारी २०२१ च्या भाषणात ५ हजार ९७६ कोटींच्या खर्चासह त्याचा नावाने उल्लेख झाला, तेव्हा शहरात मोठा आनंद व्यक्त झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०२२ मध्ये, ४३.८ किलोमीटरसाठी आणि ६ हजार ७०८ कोटींच्या खर्चाला. भाषणातील उल्लेख म्हणजे त्या वर्षाची तरतूद नव्हे आणि मंजुरीही नव्हे, हे समजायला यापेक्षा स्पष्ट दाखला नको. तरतूद शोधायला जावे तर गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागणीत, म्हणजे त्याच्या खर्चाच्या तपशिलात, देशभरातील मेट्रो प्रकल्पांची रक्कम भागभांडवल, दुय्यम कर्ज आणि परदेशी साहाय्य अशा शीर्षांखाली एकत्र आढळते. त्यात नागपूरचे किती, हे वेगळे काढता येत नाही. महाराष्ट्राचा आकडा मात्र 'रिसीट बजेट' या जमेच्या पुस्तिकेत सापडतो. करांतील राज्यांच्या वाट्यापैकी ६.३१७ टक्के, म्हणजे सुमारे ९० हजार कोटी रुपये आपल्या राज्याला मिळणार होते.

कापसाच्या बाबतीत संचाची मर्यादा अधिक ठळक होते. २०२५-२६ च्या भाषणात कापूस उत्पादकता वाढवण्यासाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था ज्या शहरात आहे तेथे त्याची दखल घेतली जाणे स्वाभाविक होते. पहिल्या वर्षासाठी ५०० कोटींची तरतूद झाली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क अधिसूचना काढून आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत माफ करण्यात आले. हे शुल्क लागू झाले होते ते २०२१-२२ च्या अर्थसंकल्पातून, आणि ते काढताना अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागली नाही. नवा कापूस बाजारात येण्याच्या काळात घेतलेल्या त्या निर्णयाचा परिणाम विदर्भातील शेतकऱ्यासाठी ५०० कोटींच्या अभियानापेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे. फेब्रुवारीतील संच कितीही बारकाईने वाचला तरी अशा गोष्टी त्यात सापडणार नाहीत.

उरलेल्या पुस्तिकांपैकी वित्त विधेयक आणि त्याचे स्पष्टीकरणात्मक टिपण कर सल्लागारांच्या उपयोगाचे आहे. पगारदार वाचकाला नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, एवढे कळले की पुरते, आणि त्यासाठी सरकारने सोडलेला सुमारे एक लाख कोटींचा महसूल भाषणाच्या अखेरीस नमूद आहे. राजकोषीय धोरणाचे निवेदन छोटे असूनही वाचनीय आहे. मार्च २०३१ पर्यंत केंद्राचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पन्नास टक्क्यांच्या आसपास आणण्याचे उद्दिष्ट त्यात सविस्तर मांडले आहे, आणि यापुढे तुटीपेक्षा कर्जाच्या प्रमाणावर लक्ष ठेवले जाणार, हा महत्त्वाचा बदल तेथेच समजतो.

वापराच्या सोयीबद्दल एवढेच सांगेन की भाषण वाचण्यासाठी फोन पुरेसा आहे, परंतु 'एक्स्पेंडिचर बजेट'मधील मागण्यांचे तक्ते फोनवर वाचण्याचा खटाटोप करू नये. तेथील प्रत्येक ओळीत चार रकाने आणि प्रत्येकाचे महसुली, भांडवली व एकूण असे तीन भाग, म्हणजे बारा आकडे येतात. संकेतस्थळावर हेच तक्ते एक्सेलमध्ये मिळतात. ते संगणकावर उतरवून घ्यावेत, सुधारित अंदाजाला आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पीय अंदाजाने भागावे आणि उत्तर लहान येईल त्या क्रमाने ओळी लावाव्यात. पहिल्या वीस ओळी वाचून झाल्यावरच भाषणाकडे वळावे. त्याच संकेतस्थळावर, मागील अर्थसंकल्पातील घोषणांची अंमलबजावणी कोठवर आली हे सांगणारी एक पुस्तिका असते. तिचा पत्ता ठाऊक असलेले वाचक मला फारसे भेटलेले नाहीत, आणि कापूस अभियानाच्या घोषणेचे पुढे काय झाले, हे पाहायचे असेल तर ती नोंद तेथेच शोधावी लागेल.